गॅलगा घरच्या पीसीवर: गोळी उशिरा सुटती, आठव्या स्टेजच्या पुढं काय गाडी जाईना

रंकाळा_रॉकेट
नमस्कार मंडळी, जरा अडलंय म्हणून इथं टाकतोय. पोराच्या अभ्यासाला म्हणून राजारामपुरीतनं एक सेकंडहँड डेस्कटॉप आणला, आय-थ्री हाय, पण पोरगं मोबाईल सोडून त्याच्याकडं ढुंकून बघत नाही, मग म्हटलं पडून राहण्यापरीस आपणच वापरूया. मेम टाकलं, म्हणजे जुन्या पार्लरातल्या गेम पीसीवर चालवायचं सॉफ्टवेअर, आणि गॅलगा आणि झेव्हियस ह्या विमानानं गोळ्या मारायच्या गेम चालू केल्या. सुरुवातीचं ते म्युझिक वाजलं आणि आई स्वयंपाकघरातनं बाहेर आली, हे कुठल्या पार्लरातनं मशीन उचलून आणलंस म्हणून.

आता घोळ सांगतो. मॉनिटर बारका हाय म्हणून हॉलमधल्या टीव्हीला एचडीएमआय लावून खेळतो, आवाजाला ब्लूटूथ स्पीकर. तर बटण दाबलं की गोळी जरा थांबून सुटल्यागत वाटती. लय नाही, पण वाटती. दुसरं म्हणजे झेव्हियसमध्ये वर आणि डावीकडं असं तिरकं जाताना स्पेस दाबला की गोळीच सुटत नाही, तेच उजवीकडं तिरकं गेलं की सुटती, हे काय गौडबंगाल हाय? कीबोर्ड नवा कोरा हाय, तीन-साडेतीनशेचा. आणि तिसरं, गॅलगात आठव्या स्टेजच्या पुढं काय जात नाही. बटण धडाधड दाबतोय, बोट दुखायला लागतंय, तरी मधेच गोळ्या बंद पडतात आणि नेमका तेव्हाच एखादा वरनं अंगावर येतो. चित्र टीव्हीभर ताणून घेतलंय, गॅलगातले शत्रू किडे जरा चपटे दिसतात, त्याचा काय संबंध असेल का?

हे कीबोर्डमुळं, टीव्हीमुळं, का आता वय झालं? सरळ सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

सहावी_गल्ली
जॉयस्टिक घे मर्दा. विषय संपला.

जुनी_कॅसेट
विषय एवढ्यात संपत नाही. जॉयस्टिक घेतली तरी टीव्ही तोच राहणार ना.

रॉकेटराव, पहिला टीव्ही बघा. हे आताचे टीव्ही आलेलं चित्र जसंच्या तसं दाखवतच नाहीत, रंग उठावदार करणार, हालचाल गुळगुळीत करणार, आणि ह्या सगळ्या नटण्याथटण्यात चित्र थोडं मागं राहतं. सिनेमा बघताना कळत नाही कारण आवाज पण तेवढाच मागं ठेवलेला असतो, पण गेममध्ये तुमचं बोट पुढं आणि चित्र मागं. सेटिंगमध्ये पिक्चर मोडला 'गेम' असेल तो लावा, आणि मोशनच्या नावाखाली जे काय चालू असेल ते सगळं बंद करा. तेवढ्यानं निम्मं दुखणं जातंय.

दुसरं, ब्लूटूथ स्पीकर काढून टाका. ब्लूटूथचा आवाज सहज सेकंदाचा दहावा हिस्सा मागं पडतो, स्वस्तातला असेल तर त्याहून जास्त. गॅलगा सेकंदाला साठ फ्रेमनं, म्हणजे साठ चित्रांनी पळते, म्हणजे सहा फ्रेम झाल्यावर तुम्हाला गोळीचा आवाज येतोय. डोळा एक सांगतो, कान दुसरं सांगतो, आणि माणूस कानावर जास्त विश्वास ठेवतो असा माझा अनुभव हाय. वायरचा स्पीकर लावा, नसेल तर टीव्हीचाच वापरा.

आणि चपट्या किड्यांचा संबंध हाय, चांगलाच हाय. गॅलगा नामकोनं १९८१ ला काढली तेव्हा त्या मशीनमध्ये पिक्चर ट्यूब उभी बसवलेली असायची. रुंदी २२४ ठिपके आणि उंची २८८. ते तुम्ही आडव्या टीव्हीवर ताणलं की उंचीच्या मानानं रुंदी दुपटीच्या वर जाते. म्हणजे विमान आडवं लय पळतंय असं दिसतं, गोळी मात्र वर जाताना तेवढीच, आणि नेम धरायचा अंदाजच बिघडतो. टॅब दाबून मेनूत व्हिडिओ ऑप्शन्समध्ये जा आणि ॲस्पेक्ट रेशो जसा होता तसा ठेवा. दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या राहतील, राहू देत. घरातले म्हणतील एवढा मोठा टीव्ही आणि मधल्याच पट्टीत काय खेळतोस, तिकडं लक्ष देऊ नका. अजून हौस असेल तर बारका मॉनिटर स्टँडवरनं काढून उभा ठेवा आणि मेममधनं चित्र फिरवून घ्या. मी तसंच खेळतो.

सोल्डर_गन
डावीकडं तिरकं चालत नाही आणि उजवीकडं चालतं, हा शंभर टक्के कीबोर्डचा विषय.

कीबोर्डच्या आत प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते. आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते, बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी रेघ जोडली जाते आणि आतली चिप त्यावरनं ओळखते कुठलं बटण. दोन बटणांपर्यंत सगळं ठीक. तिसरं दाबलं आणि ती तिन्ही जर जाळीवर एका चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर आली तर चौथा कोपरा पण दाबल्यागत दिसतो, चिपला कळत नाही खरं कुठलं, मग ती सरळ तिसरं बटण सोडून देते. वर, डावा बाण आणि स्पेस हे तिघं स्वस्त कीबोर्डवर बरेचदा असे एकमेकांच्या पायात येतात. उजव्या बाणाची रेघ दुसरीकडनं गेलेली असते म्हणून तिथं अडत नाही. गॅलगात हा त्रास होणारच नाही कारण तिथं वर-खाली नाहीच, एक बाण आणि एक गोळी, दोनच बटणं.

उपाय फुकट हाय. कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट ह्यांच्या रेघा बहुतेक कीबोर्डात वेगळ्या ठेवलेल्या असतात, कारण ती दुसऱ्या बटणांबरोबर दाबायचीच असतात. मेममध्ये गोळी मुळात डाव्या कंट्रोलवरच असते, तुम्ही स्पेसवर आणली असणार. परत कंट्रोलवर न्या, झेव्हियसचा बॉम्ब ऑल्टवर राहू दे. शिफ्टवर मात्र ठेवू नका, पाच वेळा दाबला की विंडोजची ती स्टिकी कीजची खिडकी मधेच उघडते आणि तोवर इकडं विमानाचा चुराडा.

सहावी_गल्ली
एवढं निबंध लिहिण्यापरीस जॉयस्टिक घे म्हटलं की झालं.

उद्यमनगरचा_टर्नर
सहावी गल्ली, कुठली घ्यायची ते पण सांग की. बाजारात कन्सोलसारखा रिमोट मिळतो त्याच्यावरची अंगठ्याची दांडी गॅलगाला काय कामाची नाही, अंगठा दमतो आणि विमान एक पाऊल जादाच सरकतं. त्यापेक्षा कीबोर्ड बरा.

खरी मजा पाहिजे असेल तर डबा बनवून घ्या. ऑनलाइन किट मिळतं, एक दांडी, बटणं, आणि यूएसबीची बारकी पट्टी, वायरी नुसत्या खोचायच्या, सोल्डरिंग पण नाही. डब्याला लाकूड नको, पावसाळ्यात फुगतंय. मी दोन एमएमचा एमएस (माइल्ड स्टील) पत्रा लेझरवर कापून घेतला, कडा वाकवून घेतल्या, पावडर कोटिंग केलं. मोठ्या बटणाला ३० एमएमचं भोक, बारक्याला २४, पण किट हातात आल्यावर व्हर्नियर लावून माप घेऊनच कापा, काही बटणं २८ ची पण येतात. पत्र्याचा डबा जड असतोय ते बरं, मांडीवरनं हलत नाही.

आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते, गॅलगाच्या मूळ मशीनची दांडी नुसती डावी-उजवी हलायची, वर-खाली जायचीच नाही. किटबरोबर येणारी दांडी आठ दिशांची असते, घाईत ती तिरकी जाते आणि मधेच संपर्क तुटतो. मी दांडीखाली बसायला एक नायलॉनची चकती केली, मधे लांबट खाच, म्हणजे दांडी फक्त आडवी जाते. झेव्हियस खेळायची असेल तेव्हा चकती काढायची, चार स्क्रू. दांडीखालच्या बारक्या खटक्यांचा, मायक्रोस्विचचा आवाज असा येतो, खटक्यावर बोट आणि जाग्यावर पलटी! लेथवर बसलेला कुणी ओळखीचा असेल तर चकतीचं काम चहा प्यायच्या वेळात होतंय.

गडहिंग्लजची_लेक
सगळे टीव्ही आणि पत्र्यावरच बोलताय, त्यांचा तिसरा प्रश्न कुणी वाचला का? गोळ्या मधेच बंद पडतात म्हणालेत ते. ते ना कीबोर्डमुळे ना टीव्हीमुळे. गेमच तशी आहे.

रॉकेटदादा, गॅलगात तुमच्या एकावेळी फक्त दोनच गोळ्या पडद्यावर असू शकतात. पहिल्या दोन कुणाला तरी लागल्या किंवा वर जाऊन बाहेर पडल्या की मगच पुढची सुटते. दोनच ताटं असलेली खानावळ समजा, ताट रिकामं झाल्याशिवाय पुढचा माणूस बसत नाही, तुम्ही दारात उभं राहून कितीही हाका मारा. त्यामुळे बटण धडाधड दाबलं आणि दोन्ही गोळ्या वाया गेल्या की त्या वरपर्यंत जाईस्तोवर तुम्ही रिकाम्या हातानं उभे. नेमका तेव्हाच वरून येतो असं जे वाटतं ना, तो नेमका वगैरे येत नाही, येतच असतात ते, तुमच्याकडे मारायला काही नसतं एवढंच. उलट जवळ आलेल्याला मारलं तर गोळी लगेच संपते आणि पुढची लगेच मिळते. म्हणून जे चांगले खेळतात ते कमी दाबतात. गेम संपल्यावर किती गोळ्या मारल्या, किती लागल्या आणि टक्केवारी दाखवते ती बघत जा. तुमची किती येते?

दुसरं, शत्रूंची रांग लागायची वाट बघू नका. प्रत्येक स्टेजला चाळीस जण असतात, आठ-आठच्या पाच टोळ्यांनी आत येतात आणि येण्याची वाट ठरलेली असते. वीस माश्या, सोळा फुलपाखरं, चार बॉस म्हणजे त्यांचे म्होरके. आत येता येताच वळणाखाली उभं राहून जेवढे झोपवता येतील तेवढे झोपवायचे, रांगेत दहा-बारा उरले तर पुढं तुम्हाला काही कामच राहत नाही. पाठ होतं ते, पहिले काही दिवस नुसतं बघा कुठून येतात.

आणि डबल विमान, म्हणजे शेजारी शेजारी जोडलेली दोन विमानं, केल्याशिवाय आठच्या पुढं जायचं म्हणजे उगाच हाल. करता का?

रंकाळा_रॉकेट
बाबो, एवढी उत्तरं. ताई, टक्केवारी चाळीसच्या आतबाहेर येती, आता सांगायला लाज वाटाय लागलीय. डबल विमान कधी कधी होतंय पण मुद्दाम असं नाही, तो बॉस निळा किरण सोडतो तेव्हा मी पळून जातो.

गडहिंग्लजची_लेक
पळायचं नाही, जायचं. पण हातात एक तरी विमान शिल्लक पाहिजे, शेवटचं असताना पकडलं गेलात तर गेम तिथंच संपते.

पहिल्या-दुसऱ्या स्टेजलाच करून घ्या, तेव्हा गोळ्या कमी येतात. माश्या आणि फुलपाखरं बरीच साफ करा, एखादा बॉस ठेवा. तो खाली मधोमध येऊन थांबतो आणि किरण पसरतो, शांतपणे त्यात शिरायचं. तुमचं विमान लाल होऊन त्याच्याबरोबर वर जाऊन बसतं. आता नवीन विमान आलं की घाई करायची नाही. बॉसला दोन गोळ्या लागतात, पहिल्या गोळीला हिरव्याचा निळा होतो. तो रांगेत उभा असताना एकच गोळी घालून निळा करून ठेवा आणि थांबा. मग तो तुमचं विमान घेऊन खाली झेपावतो तेव्हा एका गोळीत जातो आणि विमान फिरत फिरत येऊन तुमच्या शेजारी लागतं. रांगेत असतानाच दुसरी गोळी घातलीत तर विमान परत मिळत नाही, तेच तुमच्यावर उलटून येतं. आणि घाबरून लाल विमानालाच मारलंत तर हजार पॉइंट मिळतील, पण मग ते विमान विसरा.

डबल झालं की गोळ्यांच्या दोन जोड्या मिळतात. चॅलेंजिंग स्टेज तिसरी, मग सातवी, अकरावी अशी येते, तिथं कुणी गोळ्या मारत नाही, चाळीसच्या चाळीस पाडले तर दहा हजार बोनस. डबल नसताना तिथं चाळीस पाडणं मला तरी अवघड जातं.

गंगावेश_१९
मधेच घुसतोय, सॉरी. मी ब्राउझरमध्ये स्पेस इन्व्हेडर्स खेळतोय, नवा १४४ हर्ट्झचा गेमिंग मॉनिटर घेतलाय, तर गेम लयच पळती. त्यात शेवटचा एक एलियन राहिला की तो येड्यागत धावतो. मॉनिटर परत करू का?

जुनी_कॅसेट
मॉनिटर कशाला परत करताय. ह्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

सुरुवातीपासनंच सगळी गेम पळत असेल तर ती कुणीतरी बनवलेली नक्कल हाय आणि त्यानं प्रत्येक फ्रेमला एक पाऊल असा हिशोब लावलाय. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं दाखवणाऱ्या मॉनिटरवर बरोबर चालते, १४४ वर दोन-सव्वादोन पट नाही तर जवळजवळ अडीच पट पळते. डिस्प्ले सेटिंगमध्ये तेवढ्यापुरतं ६० हर्ट्झ करा. मेमला हा त्रास नाही, ते मूळ मशीनच्या वेगाला धरून चालतं. फक्त एफ-१० चुकून दाबलं गेलं तर लगाम सुटतो, परत दाबा. एफ-११ दाबलं की वेग किती टक्के चाललाय ते दिसतं, १०० पाहिजे.

शेवटचा एलियन धावतो तो मात्र मूळ गेममध्येच धावतो. १९७८ ची टाइटोची गेम, तोमोहिरो निशिकाडो ह्या एकट्या माणसानं बनवली, आत इंटेलची ८०८० चिप. तिला पंचावन्न एलियन एका दमात हलवणं जमायचं नाही, म्हणून एका फ्रेमला एकच एलियन पुढं सरकायचा. पंचावन्न असताना सगळ्यांची पाळी फिरून यायला वेळ लागतो, तुम्ही मारत गेलात की पाळी लवकर येते, आणि एकटाच उरला की दर फ्रेमला त्याचीच पाळी. मुद्दाम केलेलं नव्हतं ते, पण निशिकाडोंना खेळताना मजा आली म्हणून त्यांनी तसंच ठेवलं. पुढं पुढं अवघड होत जाणाऱ्या गेमचं मूळ हे असं म्हणतात.

गंगावेश_१९
भारीच की. मला वाटलं व्हायरस हाय.

सहावी_गल्ली
रॉकेट, एक शॉर्टकट सांगतो. गॅलगाच्या पहिल्या स्टेजला डाव्या कडेच्या दोन माश्या सोडून बाकी सगळे मार. त्या दोघींना मारायचं नाही, नुसतं चुकवत राहायचं, पंधरा-वीस मिनिटं. त्या गोळ्या मारायच्या बंद होतात. मग त्यांना मारून पुढं जा, नंतर कुणीच गोळी मारत नाही. मूळ गेमचाच बग हाय, मेममध्ये पण चालतो कारण आत प्रोग्राम तोच.

गडहिंग्लजची_लेक
चालतो, पण मग खेळायचं कशाला. इथं स्कोअर टाकणार असाल तर तसला धरणार नाही.

सहावी_गल्ली
धरू नका. मला झोप येती त्यात.

सोल्डर_गन
एक आठवण करून देतो, मेम स्वतः कायदेशीर आणि फुकट हाय, १९९७ ला निकोला साल्मोरिया ह्या इटालियन माणसानं सुरू केलं आणि २०१६ पासनं ओपन सोर्स. पण गॅलगाची रॉम, म्हणजे मूळ मशीनमधला प्रोग्राम, नामकोच्या, आताच्या बांदाई नामकोच्या मालकीची हाय. त्यांनी २०१६ ला स्टीम ह्या गेमच्या ऑनलाइन दुकानात गॅलगा काढली होती, विकत घ्यायची तर तसला मार्ग बघा. अगदी फुकट आणि बिनघोर पाहिजे असेल तर टिरियन खेळा, १९९५ ची, जुन्या डॉस सिस्टीमची शूटर, मालकांनीच २००४ ला फुकट केली, ओपन-टिरियन म्हणून आताच्या विंडोजवर नीट चालते. त्यात आठ दिशा हायत, तेव्हा गोळी कंट्रोल बटणावर ठेवायचा सल्ला तिथं पण लागू.

रंकाळा_रॉकेट
अपडेट देतो. टीव्हीचा गेम मोड लावला, काळ्या पट्ट्या ठेवल्या, वायरचा स्पीकर जोडला. फरक जमीन-अस्मानाचा. कंट्रोलवर गोळी आणली, झेव्हियसमध्ये डावीकडनं पण सुटती. ताईंचं ऐकून कमी दाबायला लागलो, काल डबल विमानानं अकराव्याची चॅलेंजिंग बघितली, पण तिथनं पुढं डबल टिकत नाही, एक बाजू हमखास जाती. आणि दुसरं, सहावी गल्लीचा सल्ला अर्धा मानून टर्नरभाऊंचा डबा करून घ्यायचा विचार हाय. भाऊ, दांडी डाव्या हाताला का उजव्या?

उद्यमनगरचा_टर्नर
गॅलगाला दांडी मधे आणि दोन्ही बाजूला एकेक गोळीचं बटण ठेवा, ज्याला जो हात बसेल तो. पुढं झेव्हियससाठी उजवीकडं अजून एक भोक आत्ताच मारून ठेवा, पावडर कोटिंग झाल्यावर ड्रिल लावलं की रंग उडतोय. रुंदी सोळा इंच पुरे.

गडहिंग्लजची_लेक
डबल रुंद असतं हे विसरू नका, फटीतनं निसटायची सवय सोडायला लागते. कोपऱ्यात अडकायचं नाही, कडेला गेलात की एकाच बाजूला पळायला जागा उरते. खाली येणाऱ्याला तो निम्म्यावर असतानाच मारा, अंगावर येईपर्यंत थांबू नका. आणि एक बाजू गेली तर हळहळत बसायचं नाही, पुढच्या स्टेजला परत बॉस राखून ठेवा, पण विमान शिल्लक असेल तरच. पहिलं जादा विमान वीस हजाराला मिळतं, दुसरं सत्तर हजाराला, त्याचा हिशोब धरून जुगार खेळा.